चोर म्हणाला, जरा जवळ सरका

तीर्थस्वरूप वन्सं,

धाकट्या भावजयीचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन असल्यामुळे तो वाकडा झाला असेल, तर सरळ करून घ्यावा). तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तुम्ही गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला दिवसातून दोनदा वर जाता, असं तुमच्या लेकीकडून कळलं. तिने मला हे सांगितलं, हे तिला सांगू नका. इथे आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खुशालीचं खरं काय ते पुढे येईलच. मागच्या वेळी फोनवर तुम्ही "कॅमेऱ्याचं काय झालं गं?" असं विचारलंत आणि तुमच्या बंधुराजांनी माझ्या हातून फोन घेऊन "काही नाही ताई, किरकोळ" म्हणून विषय मिटवला. म्हणून हे पत्र. तसं फोनवर सांगता आलं असतं, पण हल्ली हे सारखे माझ्या पाठीमागे उभे असतात. ते का, तेही पुढे येईल.

आमच्याकडच्या नर्सिंगच्या शाळेतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींचा ग्रुप फोटो दरवर्षी मीच काढते, हे तुम्हाला ठाऊक आहे. इस्पितळाच्या दर्शनी पायऱ्यांवर मुली उभ्या करायच्या, मधोमध खुर्चीत मेट्रनबाई. ग्रुप फोटोत फोटो काढणं हे सगळ्यात कमी वेळाचं काम असतं. खरं काम म्हणजे उंच मुलींना मागे ढकलणं, बुटक्यांना पुढे ओढणं, एकमेकींशी भांडलेल्यांना दोन टोकांना नेणं आणि 'माझी डावी बाजू चांगली येत नाही' असं सांगणाऱ्या मुलीला तुला दुसरी बाजू मिळणार नाही हे मायेने पटवणं. ते सगळं झालं. कॅमेरा स्टँडवर चढवला, मोजमाप घेतलं, आणि काचेतून बघते तर मेट्रनबाईंचा बिल्ला उलटा. आता वर्षानुवर्षं भिंतीवर टांगला जाणारा फोटो, त्यात बिल्ला उलटा कसा चालेल? मी धावत पुढे गेले. बिल्ल्याची पिन त्यांच्या गणवेशाच्या धाग्यात अशी काही गुंतली होती, की मला खुर्चीच्या बाजूला जवळजवळ गुडघ्यांवर बसून ती सोडवावी लागली.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "टोप्या सरळ करा. शेवटच्या रांगेतल्या, जरा जवळ सरका. अजून. हां, आता हसा बघू." मला वाटलं, इस्पितळाच्या ऑफिसातला कुणीतरी सुशिक्षित माणूस मदतीला आला. (खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं. आयुष्यात ग्रुप फोटोला आजवर कुणी मदतीला आलेलं नाही. येतात ते सूचना करायला.) मुली सरकल्या, हसल्या. खट्ट असा आवाज झाला. मग त्या गृहस्थाने स्टँडचा स्क्रू सावकाश फिरवला, कॅमेरा काढला, "छान आला" म्हणाला आणि फाटकातून निघून गेला. मी पिन सोडवून वळले, तर स्टँड आपल्या तीन पायांवर उभा, आणि डोक्यावर काही नाही. मुली अजून हसत होत्या, कारण त्यांना 'झालं' असं कुणी सांगितलं नव्हतं.

वन्सं, तो कॅमेरा काही नवा नव्हता. बॅटरीचं झाकण तुटलेलं, त्याला मी औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावलेली. पण उजव्या बाजूचं रबर झिजून तिथे माझ्या अंगठ्याएवढा खळगा पडला होता. अंधारातही तो हातात घेतला की अंगठा आपोआप तिथे जाऊन बसायचा. तो गेला तेव्हा मला रडू वगैरे आलं नाही. पण त्या दिवशी घरी परत जाताना माझा अंगठा काहीतरी शोधत राहिला, एवढं खरं.

पोलीस चौकीवरचे हवालदार माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी विचारलं, कुणी पाहिलं का? मी म्हटलं, साठ-सत्तर जणींनी पाहिलं. पाहायलाच उभ्या होत्या. हवालदारांचा चेहरा उजळला. इतके साक्षीदार त्यांना नोकरीत कधी मिळाले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते जातीने शाळेत आले. एकीने सांगितलं चोर उंच होता, दुसरीने सांगितलं बुटका होता, तिसरीच्या मते त्याला मिशी होती पण ती 'नसल्यासारखी' होती. सगळ्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर झालं, की तो अतिशय सभ्य होता. मेट्रनबाई तर म्हणाल्या, चांगल्या घरातला वाटला.

हवालदारांनी न राहवून विचारलं, "म्हणजे तो कॅमेरा चोरत होता आणि तुम्ही सगळ्या त्याच्याकडे बघून हसत होतात?"

एक मुलगी म्हणाली, "त्यांनीच सांगितलं ना, हसा म्हणून."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग कॅमेऱ्याचा नंबर मागितला. नंबर खोक्यावर असतो. खोकं आमच्या घरी आहे. त्यात तुमचे बंधू स्क्रू ठेवतात, आणि नंबरावर बरोब्बर 'मध्यम स्क्रू' अशी चिठ्ठी डकवलेली. गरम पाण्याने ती काढली, तेव्हा चिठ्ठीबरोबर अर्धा नंबरही निघून आला. उरलेला अर्धा मी हवालदारांना दिला. ते म्हणाले, अर्धा चोर पकडू.

इथपर्यंत नुकसान फक्त कॅमेऱ्याचं होतं. खरा प्रकार पुढे सुरू झाला. तुमच्या बंधूंची सबंध नोकरी विमा कंपनीत गेली, लोकांच्या नुकसानीत लोकांचाच हलगर्जीपणा कसा होता हे शोधून काढण्यात. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाचं नुकसान हाताशी मिळालं नव्हतं, ते घरातच झालं. जेवताना मला प्रश्न, "घटना घडली त्या वेळी विमाधारक कुठे होता?" मी म्हटलं, विमाधारक खुर्चीपाशी पिन सोडवत होती. मग मी सहज विचारलं, आपला कॅमेरा विम्यात होता ना हो? तर हे आमटी वाढून घ्यायला लागले. वन्सं, जन्मभर दुसऱ्यांचे विमे तपासणाऱ्या माणसाच्या घरात एका चमच्याचाही विमा नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी जवळून पाहिला.

बहुधा त्याचीच भरपाई म्हणून यांनी माझ्या उरलेल्या सामानाचा बंदोबस्त हाती घेतला. माझ्याजवळ जुना एक कॅमेरा होता, दोन भिंगं, दिवे, असं काय काय. आधी माझी चांगली काळी बॅग माळ्यावर गेली, कारण ती बॅग म्हणजे 'या, मला न्या' अशी पाटी आहे म्हणे. तिच्या जागी आली नातीच्या दुपट्यांची जुनी पिशवी. तिच्यावर पिवळी बदकं आहेत. हिच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही, असं यांचं म्हणणं. (चोरांनी नाही बघितलं, पण गिऱ्हाइकं फार बघायची.) मग यांनी कोरायचं यंत्र आणून प्रत्येक वस्तूवर आमचं नाव आणि फोन नंबर कोरला. भिंगांच्या झाकणांवर, बॅटऱ्यांवर, दिव्यांच्या दांड्यांवर. सगळं कोरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की नंबरातला एक आकडा चुकला आहे. म्हणजे आता एखाद्या चोराला पश्चात्ताप झालाच, तर तो कुणा भलत्याच माणसाला फोन करून माफी मागेल. त्यानंतर आली एक लोखंडी तार, पिशवी कशाला तरी बांधून कुलूप लावायला. पिशवीच्या आत एक भोंगा. पिशवी ठेवलेल्या जागेपासून चार पावलं लांब गेली की तो बोंबलतो. आणि शेवटचा बंदोबस्त म्हणजे हे स्वतः. मी फोटो काढताना हे माझ्या पाठीला पाठ लावून उभे राहतात. मी पुढे बघते, हे मागे बघतात. पुढे उभ्या असलेल्या नवराबायकोला कळत नाही, की हसायचं का पळायचं.

या बंदोबस्ताचा कळस एका सत्काराच्या वेळी झाला. निवृत्त हेडमास्तरांचा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भर दुपारी सभागृहात सत्कार ठेवला होता. हेडमास्तर खूप थकलेले, चाकांच्या खुर्चीत बसून आलेले. त्यांना मंचावर बसवून ती रिकामी खुर्ची मंचामागे उभी केली होती आणि तिथे उजेड कमी होता. यांनी चाचपून बघितलं, लोखंडी कठडा लागला, त्याला तार बांधून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून दाराशी संशयितांवर नजर ठेवायला गेले. तो कठडा नव्हता, हे मी आता सांगायला नको. भाषणं झाली, हेडमास्तरांना परत खुर्चीत बसवून त्यांच्या सूनबाईंनी ती ढकलायला सुरुवात केली, आणि बदकांची पिशवी फरफटत त्यांच्यामागे निघाली. चार पावलांवर भोंगा बोंबलला. हे दारातून "पकडा! पकडा!" असं ओरडत धावले. सूनबाई घाबरून अजून जोरात ढकलायला लागल्या. अख्खं सभागृह उभं राहिलं. शेवटी यांनी खुर्चीचा हात धरून हेडमास्तरांना थांबवलं, आणि कुणाला पकडलं ते दिसल्यावर खिशात कुलपाची किल्ली शोधायला लागले. मी पुढे होऊन माफी मागितली. हेडमास्तरांना हसू आवरत नव्हतं. डोळे पुसत ते मला म्हणाले, "अहो, जन्मभर मी मुलांच्या मागे धावलो. माझ्या मागे कुणी धावायची ही पहिलीच वेळ."

माफी मी मागितली, ही गोष्ट ध्यानात ठेवा. यांनी नाही मागितली. तार बरोबर बांधली होती, खुर्ची हलली हा खुर्चीचा दोष, असा यांचा निष्कर्ष निघाला.

इथवर तुम्ही हसत असाल. मीही हसले होते. पण मग एक दिवस एक बाई आपला फोटो न्यायला आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फोटो स्वच्छ आहे हो, पण यात तुम्ही मला पकडल्यासारखं वाटतंय." मी तो फोटो नीट पाहिला. खरंच होतं. मग त्या महिन्यातले सगळे काढून बघितले. सगळे तसेच. नजर चुकवलेली, ओठ आवळलेली माणसं. तेव्हा कळलं, की चोरी झाल्यापासून मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, हातांकडे बघत होते. आणि हातांकडेच बघत राहिलं ना वन्सं, तर जगात सगळेच हात उचलेगिरी करणारे दिसतात. हे काम म्हणजे एक डोळा मिटायचा, दुसरा काचेला लावायचा आणि पाठीमागच्या जगाला सांगायचं की बाबांनो, आता मला तुमचं काही दिसत नाही, तुम्ही आणि तुमची सदसद्विवेकबुद्धी बघून घ्या. इतकी वर्षं मी ते केलं आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आता पाठीला पाठ लावून नवरा उभा असतानाही माझे खांदे आखडलेले असत.

आणि मग फ्रेमवाल्यांचं झालं.

तुम्ही त्यांना ओळखता. माझ्या स्टुडिओला लागून फोटोंच्या चौकटी करायचं दुकान आहे, ते. मी बाहेर कामाला गेले की माझ्या दुकानाची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. गिऱ्हाईक आलं तर बसवायचं, पाऊस आला तर माझी खिडकी लावायची, वीज गेली तर माझ्या मशिनचं बटण बंद करायचं, हे सगळं कधी ठरवलं नव्हतं, आपोआप ठरलं होतं. एका दुपारी मी बाहेर होते तेव्हा हे त्यांच्याकडे गेले आणि 'नवीन बंदोबस्तानुसार' किल्ली परत मागितली. वर विचारलं, की अमुक तारखेला, म्हणजे चोरीच्या दिवशी, तुम्ही कुठे होतात. फ्रेमवाल्यांनी हातातली काच खाली ठेवली, कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवली, रुमालाने पुसली आणि दिली. हे सगळं मला त्यांच्या तोंडून कळलं नाही, यांच्याच तोंडून कळलं, आणि हे ते अभिमानाने सांगत होते. त्या दिवशी आमचं जे भांडण झालं ते मी लिहीत नाही. तुम्ही त्यांच्या बहीण आहात आणि मी काही शब्द तुमच्या माहेरावरही घालवले.

मी जाऊन बोलायचा प्रयत्न केला. फ्रेमवाले म्हणाले, "तुमचं काही नाही वहिनी. काम पडलंय खूप." आणि पट्टी घेऊन मोजायला लागले. जे मोजत होते ते आधीच मोजलेलं होतं.

अशात एके सकाळी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा फोन आला. धिप्पाड माणूस, आवाज मात्र मांजराच्या पिलासारखा. म्हणाले, "बाई, तुमचा कॅमेरा माझ्या टेबलावर पडलाय. एक जण दुरुस्तीला टाकून गेला. अंगठ्याचा खळगा बघून मी ओळखला. दुपारी न्यायला येतोय." आम्ही हवालदारांना कळवलं, ते म्हणाले निघालोच. आम्ही जाऊन मिस्त्रींच्या दुकानात बसलो. हवालदारांच्या आधी चोर आला. करड्या रंगाचा शर्ट, ना उंच ना बुटका, मिशी खरोखरच नसल्यासारखी. (पोरी सगळ्या बरोबर होत्या!) मला बघून तो दारातच थांबला. वळला, तर दारात मिस्त्री. मिस्त्री दारात उभे राहिले की दार उरत नाही. मग तो आत येऊन मुकाट्याने स्टुलावर बसला.

पहिल्यांदा तोच बोलला. "बाई, राग मानू नका, पण असला कॅमेरा घेऊन तुम्ही कामं कशी घेता? झाकणाला चिकटपट्टी. दोन दुकानांत दाखवला, कुणी हात लावेना. दुरुस्तीला पदरचे घालायची वेळ आली."

मी म्हटलं, "विचारून नेला असतात, तर आधीच सांगितलं असतं."

मला वाटलं आता हे ओरडणार. पण यांनी खिशातून पेन्सिल काढली, मिस्त्रींच्या टेबलावरचा कागद ओढला आणि अगदी ऑफिसच्या आवाजात चोराला विचारलं, की आमच्या सध्याच्या बंदोबस्ताबद्दल आपलं काय मत आहे.

"ती बदकांची पिशवी ना? पाहिली मी," चोर म्हणाला. "त्या हेडमास्तरांच्या सत्काराला होतो मी मागे. पिशवी झकास होती. पण तुम्ही तिला तार बांधलीत. दुपट्यांना कुणी कुलूप लावतं का?"

यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "मग सरळ स्टुडिओच का नाही फोडलात?"

"गेलो होतो की. शेजारी तो फ्रेमवाला बसलेला. म्हणाला, कोण पाहिजे? म्हटलं, बाई आहेत का. म्हणाला, नाहीत, येतील, बसा. स्टूल दिलं. मग गाव कुठलं, काम काय करता, फोटो कशाला पाहिजे, मुलं किती, मोठा काय शिकतो. साहेब, मला एकही मूल नाही. त्या माणसाने मला तीन मुलांचा बाप केला. खोटं बोलून बोलून घाम फुटला. निघालो तर म्हणतो, ओळख झाली आता, येत जा. असल्या माणसाच्या शेजारी आमचं काम होत नाही."

"हे कधीचं?" यांनी विचारलं.

"एकदा तुमचा कॅमेरा नेला त्याच्या आधी. आणि पुन्हा परवा गेलो होतो. परवाही बसवलंच त्याने. मोठ्याचा निकाल विचारला."

परवा. म्हणजे किल्ली काढून घेतल्यानंतर. यांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, ती तशीच राहिली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग हवालदार आले. चोराने जाताना मला मात्र सांगितलं, की तो आधी एका फोटोच्या दुकानात कामाला होता आणि ते दुकान बंद पडलं. "त्या मुलींचा फोटो बघून घ्या. आत आहे. बिघडलेला नाही," म्हणाला.

तो फोटो मला बघायला मिळाला तो असा, की हवालदारांना पुराव्यासाठी तो छापून हवा होता आणि छापायला गावात मीच. वन्सं, काय सांगू तुम्हाला! सत्तर मुली अशा मोकळ्या हसतायत, टोप्या सरळ, रांगा घट्ट, आणि मधे मेट्रनबाईसुद्धा हसतायत. मी इतकी वर्षं त्या पायऱ्यांवर फोटो काढते, मेट्रनबाईंचे दात मला ठाऊक नव्हते. खुर्चीच्या कडेला माझी पाठ आणि अर्धं डोकं दिसतं. शाळेने तो फोटो मागून घेतला आणि मोठ्या हॉलमध्ये लावला. खाली माझ्या स्टुडिओचं नाव छापलंय. मी स्वतः फोटोत आहे, मग तो काढला कुणी, असं अजून कुणी विचारलं नाही, आणि मीही आठवण करून दिलेली नाही.

त्या दुपारी मिस्त्रींकडून परत आल्यावर हे थेट फ्रेमवाल्यांच्या दुकानात गेले. मी माझ्या काचेतून बघत होते. यांनी किल्ली फळीवर ठेवली आणि बंदोबस्ताचा फेरविचार झाल्याचं काहीतरी सांगितलं. फ्रेमवाले काच कापत होते. ते म्हणाले, "राहू द्या साहेब. तुमची किल्ली तुमच्यापाशीच बरी. उद्या काही इकडेतिकडे झालं, तर?"

साहेब! कालपरवापर्यंत ते यांना दादा म्हणायचे.

हे किल्ली घेऊन परत आले, मला म्हणाले, "त्याला कामाची गडबड आहे." मग बदकांच्या पिशवीची तार सोडली, भोंगा काढला, आणि माळ्यावरून माझी काळी बॅग काढून तिची धूळ पुसत बसले. त्यानंतर रोज सकाळी हे स्टुडिओत येतात आणि काही ना काही निमित्त काढून शेजारच्या दारासमोरून जातात. एकदा तर घरातली धडधाकट चौकट मोडून दुरुस्तीला घेऊन गेले. (मोडताना मी पाहिलं. त्यांना वाटतं मी नाही पाहिलं.) फ्रेमवाल्यांनी ती बसवून दिली, व्यवस्थित दिली, आणि 'घ्या साहेब' म्हणाले.

असो. संसारात असं चालायचंच, काळ सगळं भरून काढतो वगैरे. तुम्ही मुळीच काळजी करू नये. आणि एवढ्या-तेवढ्यासाठी इकडे यायचा विचार तर अजिबात मनात आणू नये. प्रवास लांबचा, गाडीच्या पायऱ्या उंच. गुडघ्याला शेक द्या, गच्चीवर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा आणि लोभ आहे तो असाच राहू द्या.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. वन्सं, या. गुडघ्याला पट्टा बांधून या, लागेल तर मी स्टेशनवर चाकांची खुर्ची घेऊन उभी राहते (तिला काही बांधलेलं नसेल). सासूबाई सांगायच्या, की लहानपणी काही केल्या हे चुकलो म्हणायचे नाहीत, तेव्हा तुम्ही कान धरून यांना समोरच्याच्या दारात नेऊन उभं करायचात. कान अजून आहे. मला तो धरता येत नाही, माझं यांच्यापुढे ते वजन नाही, आणि दुसऱ्याने केलेल्या चुकीची माफी मागून मागून माझ्या माफीला आता काही किंमत राहिलेली नाही. फ्रेमवाले तुमच्याशी बोलतील. मागच्या वेळी तुम्ही मामंजींच्या फोटोला चौकट निवडताना त्यांच्याशी तासभर भांडलात, त्यानंतर ते म्हणाले होते, बाईमाणूस असावं तर असं.

आणखी एक. कॅमेरा सापडला खरा, पण मला मिळालेला नाही. तो आता पुरावा आहे. चौकीतल्या कपाटात कुलपात ठेवलाय आणि खटला संपेपर्यंत तिथेच राहील. हवालदार म्हणाले, निर्धास्त राहा बाई, आता तो तुम्हालासुद्धा नेता येणार नाही. माझा जुना कॅमेरा आता दमलाय, तेव्हा येताना तुमच्या जावईबापूंकडचा पडून असलेला कॅमेरा चार महिन्यांसाठी आणता आला तर पाहा. साध्या पिशवीत टाका. आणि गाडीत शेजारच्या माणसाशी बोलत या.

(यापुढचं अक्षर बदललेलं दिसेल.)

ताई, पाकीट चिकटवायला हिने माझ्याकडे दिलं. चिकटवण्याआधी मजकूर तपासायची माझी जुनी सवय. तपासला. काही ठिकाणी अतिशयोक्ती आहे. खुर्ची खरोखरच कठड्यासारखी लागत होती. चौकट मोडली नव्हती, फक्त सैल केली होती.

ये. पण आलीस की लगेच शेजारी जाऊ नकोस. आधी मला भेट. नोकरीत मी कितीतरी लोकांचे अर्ज नाकारले, त्यांतल्या एकाशीही मला हे बोलावं लागलं नाही, त्यामुळे विचारतो. 'चुकलो' म्हटल्यावर समोरचा काही बोललाच नाही, तर पुढे काय म्हणायचं असतं? का नुसतं उभं राहायचं असतं? किती वेळ?

हिला यातलं काही कळवू नकोस.

तुझा,
धाकटा